सहदेवच्या फटफटीचं झाकण

अशी कल्पना करा, बाळांनो. मार्गशीर्षातली सकाळ आहे. अमरावतीच्या एका बोळात कडुनिंबाखाली काळी फटफटी उभी आहे. टाकीत तुमचं तोंड दिसेल इतकी चकचकीत. आता असं समजा, की ती तुमची नाही, शेजाऱ्याची आहे. आणि तो शेजारी तुमच्याच ओट्यावर बसून, कापडाचे दोन तुकडे पुढे धरून, तुम्हालाच विचारतो आहे.

"बाबूसाहेब, गाडीले झाकाले यातलं कोन्तं घेऊ, सांगा. घरात तं ते मावत नाई. रात्री दव पडते, दिवसा ऊन, अन् वरून हे कावळे!"

तुम्ही काय सांगितलं असतं, ते मनातच ठेवा. हरिहरने काय सांगितलं, ते ऐका.

हरिहर कचेरीच्या दफ्तरखान्यात कारकून होता. जुन्या दाव्यांचे कागद कापडी बस्त्यात बांधायचे, कोणी मागितले की काढून द्यायचे, परत आले की पुन्हा बांधायचे. अठरा वर्षं तो सायकलवर जाऊन हेच करत आला होता. शेजारच्या सहदेव माळ्याचा वलगावच्या रस्त्याला भाजीचा मळा होता. दोघांत वैर कधीच नव्हतं. फटफटी आली आणि मग झालं.

त्याचं असं झालं. अकोल्याच्या एका ओव्हरसियरांना गावी परतण्याआधी आपली फटफटी विकायची होती. ही बातमी आधी हरिहरला कळली. तो दोनदा अकोल्याला जाऊन गाडी पाहून आला, दुसऱ्यांदा तर तिच्यावर बसूनही आला. "कळवतो," म्हणाला. पोळ्यानंतर पाहू, दिवाळीनंतर पाहू, असं करता करता चार महिने गेले. त्या चार महिन्यांत ओट्यावर बसून त्याने त्या गाडीचं एवढं कौतुक केलं, की एका रविवारी सहदेव उठून अकोल्याला गेला आणि तिच्यावरच बसून परत आला. येताच नारळ त्याने हरिहरच्या हातात दिला.

"तुमच्यामुळंच जमलं, बाबूसाहेब. तुमीच फोडा."

हरिहरने फोडला. खोबरं मात्र त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

तेव्हापासून पहाटे फटफट आवाज झाला की त्याची झोप मोडायची. सहदेव भाजी पोचवून, आंघोळ उरकून ओट्यावर पान खात बसलेला असे, तेव्हा हरिहर सायकलीत हवा भरत असे. त्यात त्याची बायको सरोजिनीबाई एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "सहदेवभाऊंनी पार्बताबाईला फटफटीवर माहेरी नेऊन आणलं हो. नांदगाव खंडेश्वर! सकाळी गेले अन् दिवेलागणीला घरी."

"मग? तूही जा मागं बसून," हरिहर म्हणाला, आणि ताटावरून उठला.

तर आता ते दोन तुकडे. एक मेणकापड होतं, हिरवं, गुळगुळीत, पाण्याचा थेंब न टिकणारं. दुसरं जाडंभरडं सुती, तंबूला लावतात तसलं. हरिहरने दोन्ही बोटांत चोळून पाहिले. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. एका वर्षी दफ्तरखान्यात कोणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून बस्ते मेणकापडात बांधले गेले होते. बाहेरचं पाणी आत गेलं नाही, पण आतली ओलही बाहेर आली नाही. कागदांना बुरशी धरली. ती सगळी मेणकापडं काढून सुती कापडं घालायला लावली होती हरिहरनेच. उभ्या नोकरीत साहेबाने त्याची पाठ थोपटली होती ती तेवढी एकदाच.

"मेणकापड घे," तो म्हणाला.

सहदेवने मान खाजवली. "मले एक वाटून राहिलं, पाहा. म्या मेथीची जुडी मेणकापडात बांधली, तं ते घामेजते अन् सडते. म्हनून आमी वल्लं तरट घालतो. त्याच्यातून वारा जाते."

त्याचं बरोबर होतं. हरिहर हसला.

"अरे, मेथी जिवंत असते सहदेव. लोखंडाला कुठे श्वास घ्यायचा असतो?"

"हे बी खरं हाय." सहदेव ओशाळला. "आमी अडानी मानसं. तुमी इतके कागद सांभाळता, तुमाले जास्त समजते."

खांबाजवळ हरिहरची नऊ वर्षांची मुलगी प्रमोदिनी पाटीवर गणित सोडवत होती. घरी तिला पमी म्हणत. बुरशीची ती गोष्ट तिने बापाच्या तोंडून किती वेळा ऐकली होती. तिने मान वर केली. "पण बाबा, मेणकापड तर..."

"तू तुझं गणित कर!"

पमीने मान खाली घातली.

महिना गेला. फटफटी हिरव्या मेणकापडात गुंडाळलेली असे. सहदेव मळ्यातून आला की गाडी गरम असतानाच ते घाली आणि खाली सुतळीने आवळून टाकी. हरिहर रोज कचेरीला जाताना तिकडे पाही. कधीकधी त्याला वाटे, आता सांगावं. मग तो सायकलवर टांग मारी.

पौषातल्या एका रविवारी सहदेव पुन्हा ओट्याशी आला. आज त्याच्या हातात नुसतं मेणकापड होतं. ते त्याने उलटून दाखवलं. आतल्या बाजूला काळ्या रंगाच्या खपल्या चिकटल्या होत्या.

"टाकीचा रंग सालीवानी निघून राहिला, बाबूसाहेब. चाकाच्या ताराही गंजल्या. तुमचं कापड तं बरोबर हाय, माह्याच हातानं काई चुकलं असन. काय चुकलं असन, तेवढं सांगा."

तो भांडायला आला असता तर हरिहरला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. या माणसाने मात्र सगळी चूक स्वतःच्या पदरात घेतली होती.

"ढिलं बांधत असशील," हरिहर म्हणाला. "चल, दाखवतो."

तो निंबाखाली गेला. मेणकापड घातलं, सुतळी खालून ओढून घेतली आणि बस्त्याला मारतात तशी गाठ मारली. टाकीवरचा उडालेला रंग झाकला गेला तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं. मागे वळून न पाहता तो ओट्यावर येऊन बसला आणि वर्तमानपत्र उघडलं.

पमी उंबऱ्यात उभी होती. ती बापाजवळून गेली, ओटा उतरली आणि थेट निंबाखाली जाऊन थांबली.

"सहदेवकाका, हे काढून टाका. बाबांनीच सांगितलंय. लोखंडालाही मेथीसारखाच वारा लागतो म्हणाले. तंबूचं कापड आणा. गाडी गार झाली की मग घाला, अन् खालून मोकळं ठेवा."

सहदेव तिच्याकडे पाहत राहिला. "बाबूसाहेब असं म्हनले? मंग आत्ता काहून नाई बोलले? आत्ता तं सोताच बांधून गेले!"

ओट्यावर वर्तमानपत्राचं पान हललं नाही.

"आधी चुकीचं सांगितलं ना त्यांनी," पमी म्हणाली. "म्हणून आता त्यांना लाज वाटते."

"हात्तिच्या!" सहदेव हसला. "एवढ्याची काय लाज, बाप्पा? चूक कोनाची होत नाई?" आणि तो ओट्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "तंबूचंच आनतो, बाबूसाहेब! उद्याच आनतो!"

हरिहरने वर्तमानपत्र खाली घेतलं. त्याने नुसती मान डोलावली.

पमीने तिकडे पाहिलं नाही. ती चाकापाशी उकिडवी बसली आणि बापाने मारलेली गाठ सोडू लागली. गाठ फार घट्ट होती. नखांनी सुटेना, तेव्हा तिने ती दातांत धरली.