साबणाचा बोळा

निकानोर बायकोला टाकून अमेरिकेत पळाला, असं त्याचा भाऊ लिसांद्रो होंडुरासमधल्या त्या गावात सगळ्यांना सांगत सुटला होता. निकानोरचा पिकअप आता तोच चालवायचा. पावसात सीट भिजते म्हणून वहिनीनं भुणभुण लावली, तेव्हा कुठे तो एवेलियो मिस्त्रीकडे आला.

"दाराचं रबर बदल नि मोकळा हो," लिसांद्रो म्हणाला. पण गळती शोधल्याशिवाय एवेलियोला चैन पडेना. त्यानं केबिनमध्ये मक्याचं पीठ भुरभुरलं आणि लिसांद्रोला बाहेरून नळीनं पाणी मारायला लावलं.

पिठात ओघळ उमटला, ड्रायव्हरच्या डोक्यामागून. एवेलियोनं अस्तर सोलून चाचपलं. पत्र्याला बंदुकीच्या गोळीएवढं गोल भोक, कडा आत वळलेल्या. बाहेरून रंग फासलेला, आतून धुण्याचा निळा साबण कोंबलेला, पावसानं विरघळत आलेला.

टाकी गळो की रेडिएटर, साबणाचा बोळा कोंबून वेळ मारून नेणारा चिक्कू गावात एकच होता, आणि तो बाहेर नळी धरून उभा होता. एवेलियोनं अस्तर घाईघाईनं परत दाबून बसवलं.

"काय मिस्त्री, सापडलं का?"

"रबरच गेलंय मेलं. तुम्ही म्हणालात तेच."

नळी बंद झाली. लिसांद्रो दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं खिशातला रुमाल पुढे केला.

"मग आधी बोट पूस. निळं झालंय."