किमचीच्या बरणीचा आत्मा

"गेले! हिचेही डोळे गेले!"

गावच्या सभाघरात नुसता गलका उडाला. डोंगरदेवाचं ठाणं चालवणाऱ्या सान्शिनबाबाने मालनाम आजीचा फोटो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता आणि जो तो टाचा उंचावून बघत होता. आजीचे कान स्वच्छ आले होते, अंबाड्यातली चांदीची काडीही स्वच्छ होती. डोळे तेवढे धुक्यात बुडाले होते.

"आत्मा डोळ्यांतून निघतो," बाबा डोलत म्हणाला. "हिचा निघालाय. दवाखान्याच्या सुया त्याला बाहेर ढकलतायत. सुया बंद करा, औषधं बंद करा! डोंगरावर माझ्या ठाण्यात पूजा घाला. डुकराचं मुंडकं मोठं आणा, देव डोंगराएवढा आहे, त्याची भूकही तेवढीच!"

आमच्याकडे म्हातारी माणसं आपल्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. त्याला म्हणायचं दीर्घायुष्याचा फोटो. तो काढला की आयुष्य वाढतं, असा समज. त्यामुळे त्या फोटोतच डोळे गेले म्हटल्यावर भल्याभल्यांचं धाबं दणाणलं. त्यात पिल्न्यो आजीचं उदाहरण ताजं होतं. तिचेही डोळे असेच पुसट आले होते. पूजेचा मुहूर्त यायच्या आत ती गेली. "उशीर केलात," एवढं म्हणून बाबा मोकळा झाला. उलट ज्यांनी वेळेत पूजा घातली, त्यांचे डोंगरावर काढलेल्या दुसऱ्या फोटोत डोळे लख्ख आले होते. आणखी काय पुरावा हवा?

मी या गावची नर्स. मालनाम आजीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. एक दिवसाआड तालुक्याला जाऊन रक्त शुद्ध करून घेतलं नाही, तर ती जगणार नाही. आणि तिने जाणं बंद केलं होतं. पाय सुजून बुटात मावेनात.

"आजी, उद्या बसनं जाऊ. मी येते सोबत."

"कशाला ग पोरी? निघालेल्या पाहुण्याला का कुणी जेवायला बसवतं?"

मला इतका संताप आला की त्या बाबाची दाढी धरून ओढावीशी वाटली. पण दाढी ओढून आजी बसमध्ये बसणार नव्हती. मी फोटोच हातात घेऊन बसले. चेहरा तोच आणि क्षण तोच, मग कान स्वच्छ आणि डोळे पुसट का? आत्मा काय, कानांना वगळून जातो?

फोटो काढणारा बे सोकजू, हौशी माणूस, फुकट सेवा करणारा. त्याला म्हटलं, "त्याच खुर्चीवर ही बरणी ठेव आणि फोटो काढ."

"किमचीची? लोणच्याचा फोटो? नर्सबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"काढ तर."

बरणीवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती, 'हात लावू नये'. सोकजूने नेम धरला तो बरोबर चिठ्ठीवर. फोटोत चिठ्ठी पुसट आणि तिच्या मागचा झाकणाचा कान मात्र लख्ख आला.

"हिचाही आत्मा चालला म्हणायचा," मी म्हणाले. "हिला कुठली सुई टोचली होती?"

सोकजूचा चेहरा पडला. "भिंग नवं आहे हो..." मग कॅमेरा उलटसुलट करून बघत म्हणाला, "कॅमेरा चांगला, भिंगही चांगलं. पण दोघांचा सूर जुळवलेला नाही. मी डोळ्यावर नेम धरतो आणि तो चार बोटं मागं, कानावर पडतो. इथं अंधार, म्हणून भिंग सताड उघडं असतं आणि चूक उघडी पडते. डोंगरावर उन्हात भिंगाचं तोंड बारीक होतं, मग पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं."

बाबाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कुठं बसवलं की डोळे येतात, एवढं त्याने बरोबर हेरलं होतं. त्याच्या ठाण्याच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात एक फोटो काढू द्या, असं मी म्हणताच, "देवाची परीक्षा घेतेस?" म्हणून तो अंगावर धावून आला.

दुसऱ्या दिवशी सोकजूने भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद लावला, समोर तिकाटण्यावर कॅमेरा ठेवला आणि तो वायरीने संगणकाला जोडला. सॉफ्टवेअर कॅमेऱ्याकडून फोटो काढून घेई, नेम जरासा सरकवी, पुन्हा काढी. त्यातला सगळ्यात स्पष्ट कोणता, ते ठरवून तेवढी दुरुस्ती त्याने कॅमेऱ्यात भरली. म्हातारी मंडळी हात जोडून बघत होती.

"हा नवा बाबा का?" एकाने हळूच विचारलं.

एक बाबा जाऊन दुसरा नको होता. मी दारूच्या रिकाम्या बाटल्या तिरप्या ओळीत मांडल्या. "यंत्रावरही विश्वास ठेवू नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नेम मधल्या बाटलीवर आहे." दुरुस्ती काढून फोटो घेतला, तर मागची बाटली स्पष्ट. दुरुस्ती घालून घेतला, तर मधली. ज्याला त्याला बटण दाबू दिलं. म्हातारे पोरांसारखे भांडत दाबत होते.

मग मालनाम आजी खुर्चीवर बसली. तोच अंधार, तीच साडेसाती लागलेली खुर्ची. या वेळी पडद्यावर तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. पूजा नव्हती की मुंडकं नव्हतं. आजी त्या डोळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल.

"नर्सबाई," ती म्हणाली, "मग पिल्न्यो कशानं मेली?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यानं, आजी. बाबानं सांगितलं म्हणून तिनं त्या ओढ्यात फेकल्या."

कुणी वर बघेना. गोळ्या फेकताना अर्धा गाव सोबत होता.

फोटो पुसट आला तर कॅमेरा तपासा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरला दाखवा. कुणी चमत्कार सांगितला, तर तीच गोष्ट आधी बरणीवर करून बघा. यासाठी फार शिकावं लागत नाही, फक्त घाबरायच्या आधी 'का?' असं विचारावं लागतं.

मालनाम आजी सकाळच्या बसला आली. वाटेत तिने सोबत आलेल्या सोकजूला विचारलं, "पिल्न्योचाही फोटो तेवढा नीट करून देशील का रे?"

मी सांगितलं, एकदा काढलेला फोटो नीट होत नाही, त्यासाठी पिल्न्योला पुन्हा खुर्चीवर बसावं लागलं असतं.