करवतबाईंचं टेबल

वायरमन, ती शिडी टेक भिंतीला आणि बस जरा. या घंट्या कशापायी लागतायत, ते सांगतो. ऐकलंस की त्या लावताना हात जड होईल तुझा.

इथं करवतबाई बसायच्या. बिलांचं काम. जीभ अशी की मोठे साहेबसुद्धा वळसा घालून जायचे. मी इथला शिपाई, मला रोज, "काय रे, पाणी आणायला विहीर खणत होतास?" समोर टेबलाला टेबल लावून ठेंगूताई. दिवसभर दोघींची कचकच चालायची, पण बिलं बिनचूक. बाईंना साखरेचा आजार. कधी त्या एकदम मऊ बोलायला लागल्या, की ठेंगूताई उठून खणातली साखर त्यांच्या तोंडात कोंबायची. साखर उतरली की बाईंचा स्वभाव असा गरीब व्हायचा. आम्हाला वाटायचं, आज स्वारी खुशीत आहे. ठेंगूताईलाच कळायचं.

मग नवे साहेब आले. भिंती पाडल्या. सगळे एका हॉलमध्ये बसले की म्हणे एकमेकांशी बोलतील, कामं पटापट होतील. ठरलेली जागा नाही, सकाळी मिळेल त्या खुर्चीत बूड टेकायचं. गलका एवढा वाढला की जो तो हेडफोन चढवून बसला. हातभर अंतरावरच्याला मेसेज करतात. ठेंगूताई गेली पार त्या खांबामागं.

मागल्या महिन्यात बाईंच्या शेजारी नवा कारकून होता. त्याच्याकडून बिल चुकलं. बाई म्हणाल्या, "असू दे हो राजा, होतं असं." गडी खूश. जेवायला बसल्यावर ठेंगूताईला कौतुकानं सांगत होता. ती डबा तसाच टाकून पळाली. बाई टेबलावर डोकं टेकून पडलेल्या. भोवती माणसंच माणसं, सगळ्यांना वाटलं डुलकी लागली.

जीव वाचला. पण आता हात थरथरतो, शब्द सापडत नाहीत. घरी भेटायला गेलो, तर मला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि शिवीच आठवेना.

साहेबांनी काय केलं? टेबलाटेबलाला घंटा. बेशुद्ध माणसानं दाबायची.

उद्या बाई कामावर येतायत. आता त्या कायमच मऊ बोलणार, म्हणजे कुणीतरी सारखं तोंडाकडं बघायला हवं. दोघींना समोरासमोर बसू द्या म्हणून ठेंगूताईनं हात जोडले. साहेब म्हणाले, एकीला दिलं की सगळे मागतील.

तर तू असं कर. बाईंच्या या टेबलाच्या घंटेची वायर खांबापर्यंतच पोचते, म्हणून ते ठेंगूताईसमोर लावावं लागलं, असं साहेबांना सांग. आणि आता ऊठ, टेबलाचं ते दुसरं टोक धर. मला एकट्याला उचलत नाही.