ऑडिशनचा शेवटचा रविवार

"सरका न बाप्पा जराशा, केसरबाईले पुढं बसू द्या," रेणुकाताई म्हणाल्या, तशा टीव्हीसमोर फतकल मारून बसलेल्या बायका कुरकुरत इकडेतिकडे झाल्या.

केसरबाई पुढे जाऊन बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले.

रविवारचे साडेअकरा वाजले होते. गाण्याचा तो कार्यक्रम खरं तर शनिवारी रात्री लागायचा. पण वरवट बकाल गावात रात्रीच्या लाइटीचा काही भरवसा नव्हता. म्हणून रविवारी तोच भाग पुन्हा लागला की अख्खी आळी रेणुकाताईंकडे गोळा व्हायची. रेणुकाताई अंगणवाडीच्या सेविका आणि केसरबाई तिथली मदतनीस. अठरा वर्षं केसरबाईनं तिथे खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, पण ताईंच्या घरात बोलावल्याशिवाय कधी पाऊल टाकलं नाही. आता मात्र चार रविवार ती न बोलावता येत होती. आजचा पाचवा. ऑडिशनचा हा शेवटचा भाग, असं टीव्हीवाल्यांनी गेल्या वेळी दहादा बजावलं होतं. पुढच्या आठवड्यापासून निवडलेली बारा पोरं तेवढी गाणार होती.

म्हणजे मंजुश्री दिसली तर आज. नाही तर संपलंच सगळं.

मंजुश्री ही केसरबाईची एकुलती एक पोर. वीस वर्षांची. मे महिन्यात नागपूरला जाऊन ऑडिशन देऊन आली आणि जुलैत तापानं गेली. आठ दिवसांचा तो ताप. इथून शेगाव, शेगावहून अकोला, आणि अकोल्याहून चादरीत गुंडाळून परत.

नागपूरहून आली तेव्हा पोरगी गप्पगप्प होती. "काय झालं वं?" असं केसरबाईनं खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "सांगता नाही येत, माय. कागदावर सही घेतली त्याइनं. टीव्हीवर येईन तवा पाहजो."

"येशीन न पण?"

"हाव. येईन."

बस्स, एवढंच. केसरबाईला वाटलं, पोरीनं बाजी मारली आणि आता गुपित पोटात धरून बसली आहे. आनंद पोटात मावत नसला की माणूस असंच गप्प राहतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि आळीभर सांगत सुटली.

पण पोरीचं तोंड टीव्हीवर पाहण्यासाठी ती येत नव्हती. तोंडाचे फोटो घरात पुष्कळ होते. तिला हवा होता आवाज.

मंजुश्रीची सगळी गाणी तिच्या मोबाइलात होती. बिनलग्नाच्या पोरीला त्यांच्या भावकीत अग्नी देत नाहीत, माती देतात. खड्ड्यात उतरवताना बापानं, गुलाबरावानं, खिशातून तिचा मोबाइल काढला आणि तिच्या हाताशी ठेवला. "जिवापरीस जपे त्याले. राहू द्या तिच्यापाशी," एवढंच बोलला. कुणी अडवलं नाही. केसरबाईलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं. पंधरा दिवसांनी पोरीचं गाणं ऐकावंसं वाटलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, गाणी पोरीसोबतच मातीत गेली. भीमजयंतीचा एक व्हिडिओ कुणाकडे तरी सापडला, पण त्यात डीजेच दणदणत होता; पोरीचे नुसते ओठ हलताना दिसायचे. खड्डा उकरायची गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली नाही. निघणार तरी कशी?

आणि मनातला आवाजही दिवसेंदिवस निसटत चालला होता. डोळे मिटले की पोरगी दिसायची, पण बोलायची नाही. हे केसरबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला पोरीचा आवाज आठवत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्या मोबाइलापायी गुलाबरावाशी ती आता कामापुरतंच बोलायची. तोही रविवारी तिच्या मागोमाग यायचा, पण आत यायचा नाही. "मले नाही पाहायचा तो तमाशा," म्हणायचा, आणि रेणुकाताईंच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा. कार्यक्रम संपेपर्यंत हलायचा मात्र नाही.

टीव्हीवर एक नाशिकचा पोरगा गायला. परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याची आई रडली, इकडे आळीतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. मग जाहिराती. मग दोघी बहिणी. मग एक गोरीगोमटी पोरगी, तिच्या बापाचा बंगला, बंगल्यातला कुत्रा. केसरबाईला वाटत होतं, आवरा रे बाप्पा, किती दाखवता एकेकीचं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले.

"आता गंमत लागते," चांगुणाबाई सरसावून बसली. चांगुणाबाई केसरबाईच्या भिंतीला भिंत लागून राहायची.

गंमत म्हणजे नापास झालेल्यांचे तुकडे. प्रत्येक भागाच्या शेवटी ते असायचे. एकाचा सूर चुकतो, एक शब्द विसरतो, एक चक्कर येऊन पडतो, आणि मध्ये मध्ये कोंबडा आरवतो, नाही तर गाढव ओरडतं. बायका त्याचीच वाट पाहत असायच्या. आणि खोटं कशाला बोला, केसरबाईही हसायची. गेल्या रविवारी गाता गाता एका म्हाताऱ्याची कवळी बाहेर आली, तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली होती. जुलैनंतर पहिल्यांदाच हसली होती.

आजही सुरू झालं. एक जाडा पोरगा. एक चष्मेवाला. मग हिरव्या ड्रेसमधली एक पोरगी, एक हात कानावर, दुसरा हात वर उचललेला, तोंड मोठं उघडलेलं. तिनं तान घेतली न घेतली तोच कोंबडा आरवला. एका परीक्षकानं दोन्ही कानांत बोटं घातली, दुसरी बाई टेबलाखाली लपली, आणि पडद्यावर काच तडकल्याचं चित्र आलं.

खोलीत हास्याचा नुसता गदारोळ झाला. "अवं माय वं! पोरीनं भोंगाच गिळला का काय!" चांगुणाबाईनं मांडीवर थाप मारली.

केसरबाईच्या तोंडावरही हसू आलं होतं. ते तसंच राहिलं. टीव्हीवर तोवर दुसराच कुणी गात होता.

आधी रेणुकाताई गप्प झाल्या. मग मागच्या बायका. चांगुणाबाई एकटीच हसत होती. कुणीतरी तिला कोपर मारलं.

"काय झालं वं?" ओट्यावरून गुलाबराव ओरडला. "कोण होतं?"

चांगुणाबाईनं पदर तोंडावर घेतला.

तो कानावरचा हात केसरबाईचाच होता. म्हणजे तिनंच शिकवलेला. लग्नानंतर दहा वर्षं ती आणि गुलाबराव गायन पार्टीत गावोगाव गायले. माइक बंद पडायचा, लाइट जायची, गाणं थांबायचं नाही. "कानावर हात ठेव, म्हणजे आपला सूर आपल्याले आयकू येते," हे तिनंच पोरीला सांगितलं होतं. नागपूरला निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर पुन्हा बजावलं होतं, "भिऊ नको. मोकळ्या गळ्यानं म्हण. लय मांगं बसलेल्या माणसाले आयकू गेलं पाहिजे." तिथे लांब बसलेला माणूसच नव्हता. तीन माणसं होती, हाताच्या अंतरावर, आणि पोरीच्या ओठाशी माइक.

म्हणजे गुपित वगैरे काही नव्हतंच. पोरगी एवढं गिळून घरी आली होती. आई आळीभर बढाया मारत होती, आणि तिनं एकदाही म्हटलं नाही, की माय, नको सांगू. त्याच तोंडानं भाकरी खाल्ली, त्याच तोंडानं ताप सोसला. केसरबाईला वाटलं, आपण तिथल्या तिथे मरून जावं.

"मले काय मालूम वं केसर," चांगुणाबाई तिच्याजवळ सरकली. "मी नाही ओळखलं तिले. आईची आन."

"मी बी नाही ओळखलं," केसरबाई म्हणाली.

रेणुकाताईंनी टीव्ही बंद केला. बायका उठायच्या बेतात होत्या, पण पहिली कोण उठणार? तेवढ्यात केसरबाई म्हणाली, "ताई, ते पुन्हा लावता येते काय?"

"कशाले केसरबाई? त्या मेल्याइले काही लाज..."

"मोबाइलवर येते म्हणे. लावून द्या."

रेणुकाताईंनी बराच वेळ शोधलं. सारखं मागेपुढे होत होतं. अखेर सापडलं. "आवाज बारीक करू?"

"नाही. पुरा करा."

केसरबाईनं मोबाइल हातात घेतला. त्याच्याकडे पाहिलंच नाही. सरळ कानाला लावला आणि डोळे मिटले. कोंबडा, टीव्हीवाल्यांनी भरलेला हशा, काच फुटल्याचा आवाज. पोरीची तान त्याखाली पार चिरडून गेली होती, एक अक्षर हाती लागेना. तिनं मोबाइल पुढे केला, रेणुकाताईंनी पुन्हा लावून दिला. तोच कोंबडा, तोच हशा. तिसऱ्यांदा लावला. आता तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं होतं.

हशाच्या शेवटी, जिथे तो तुकडा कापला होता, तिथे कोंबडा नव्हता. तिथे एक बारकासा आवाज होता. घाबरलेला, पण तिचाच. घरात चहा करू का विचारायची, तसाच.

"सर, हळू म्हणून पाहू काय?"

आणि कापलं होतं.

"कोण होतं वं?" गुलाबराव दाराशी आला होता. पायातल्या चपला तशाच घेऊन उंबऱ्याच्या आत आला. "सांगत काऊन नाही कोणी?"

केसरबाईनं हात वर करून त्याला गप्प बसवलं. मोबाइल पुन्हा लावून घेतला, कानाशी घट्ट दाबला आणि पुन्हा त्या जागेपर्यंत ऐकत गेली.

"म्हण माय," ती म्हणाली. "हळूच म्हण. मी आयकून राह्यली."