चौथी काच

बाबांना घरी जा म्हणून मीच सांगितलं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणा पाजळला तरी कुणी भुलायला नको.

मी भूकंप निरीक्षण केंद्रात काम करते. आमच्या खोऱ्याच्या पोटात एक जुनी भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत सरकते, वर्षाला नखभर, कधी तेवढीही नाही. भेग काही सीमेपाशी थांबून कागदपत्रं दाखवत नाही; ती सरळ पलीकडच्या देशात जाते. म्हणून एक तार आम्ही बसवली आहे आणि एक त्यांनी, जमिनीखालच्या चरात, भेगेच्या आरपार तिरकी. जमीन सरकली की तार ताणते किंवा आखडते, आणि किती ते यंत्र लिहून ठेवतं. दोन्हीकडचे आकडे माझ्याकडे येतात. मी सरासरी काढते आणि तीच दोन्हीकडे कळवली जाते.

पलीकडे हे काम माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एक बाई बघतात. भाषा एक, सरकारं दोन. नऊ वर्षं फोनवर बोलतोय, भेटलोय एकदाच. त्या मला 'अलीकडची' म्हणतात, मी त्यांना 'पलीकडच्या बाई'.

दोन महिन्यांपूर्वी सरासरी चढायला लागली आणि भेगेवरच्या जुन्या गल्लीतली घरं रिकामी केली. त्यातलं एक बाबांचं. बाबा गवंडी होते, आता हात कापतात म्हणून काम सोडलंय. ते घर त्यांनी स्वतः बांधलं आहे, वीट न् वीट. आई गेल्यावर ते एकटेच तिथे राहतात. पाच आठवडे ते माझ्या दोन खोल्यांत राहिले आणि माझ्या ओट्याचा उतार चुकलाय हे दिवसातून तीनदा सांगत राहिले. ते आल्याला दोन आठवडे झाले होते तेव्हाच, एका सोमवारी, सरासरी शून्यावर आली. दुसऱ्या दिवशीही शून्य. तीन आठवडे शून्य. गल्लीला परत जायची परवानगी मिळाली. मी बाबांना म्हटलं, "थांबलंय. जा घरी."

निघताना ते इतके खूश होते की ओट्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्याला आज तीन आठवडे झाले. आज सोमवार. सोमवारी दहा वाजता आमचा ठरलेला फोन असतो.

"काय गं अलीकडचे, चहा झाला का?" बाईंनी विचारलं.

"हातातच आहे. तुमचं कसं?"

"मस्त. नवीन करारानं माझं एक काम वाचवलं बघ. ते रोज उलटंपालटं करत बसायचं गेलं एकदाचं."

"कसलं उलटंपालटं?"

"अगं, आमची तार तुमच्या उलट्या तिरकीत आहे ना. तुमची ताणते तेव्हा आमची आखडते. मग मी रोज वजाचं अधिक करून तुला पाठवायचे. तुला बेरजेला सोपं पडावं म्हणून. आता करारात लिहिलंय ना, यंत्रातून येतील तसेच कच्चे आकडे पाठवा? मग पाठवते तसेच. सही तुझीच आहे की त्याच्यावर."

सही माझीच होती. करारही मीच लिहिला होता. सगळं कसं स्वच्छ, कागदोपत्री हवं म्हणून. त्या नऊ वर्षं गुपचूप माझ्यासाठी चिन्ह बदलत होत्या, हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. साधी गोष्ट होती, सौजन्याची.

"बाई," मी म्हटलं, "करार कधी लागू झाला?"

"सहा आठवडे झाले. सोमवारीच."

त्याच सोमवारी सरासरी शून्यावर आली होती.

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार आमच्या केंद्रात कुणी वापरत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. पण दुसरा शब्द मला सुचत नाही. मी दोन्ही तारांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. आमची सहा आठवड्यांत अकरा मिलिमीटर ताणलेली. त्यांची जवळपास तेवढीच आखडलेली. अकरा अधिक वजा अकरा, भागिले दोन. हे माझं शून्य. आकडे मी रोज बघतच होते. एक वर, एक खाली, म्हणजे माती फुगली असेल, खरी हालचाल असती तर दोन्ही एकाच दिशेला गेले असते, असं मी माझ्या मनाला पटवलं होतं. सोयीचं कारण सापडलं की माणूस पुढे शोधत नाही. मी तर शोधायचाच पगार घेते.

काही थांबलं नव्हतं. उलट घरं रिकामी केली तेव्हापेक्षा वेग पाचपट झाला होता.

"अगं, बोल ना काहीतरी," बाई फोनवर म्हणत होत्या. मी सांगितलं. त्या उठल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मी इथे कळवते. तू तिथे कळव. आधी लोकं, मग आपण कपाळ बडवू."

आमच्या सरांनी आकडे बघितले आणि मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी सरळ फोन उचलला आणि मला हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. बाबा त्या गल्लीत आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबांचा फोन वाजत राहिला. ते उचलत नाहीत, कारण फोन एका खोलीत आणि ते दुसऱ्या, हे नेहमीचंच. पण आज मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. स्कूटर चालवताना मी मोठ्याने बोलत होते. "उचला ना बाबा, उचला ना." सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेचे दगड एका ओळीत असतात. आज दोन दगडांच्या मध्ये ओळ मोडली होती. बोटभर. जाणाऱ्या येणाऱ्याला दिसलीही नसती.

"आल्या आल्या, जमिनीच्या डॉक्टरीण आल्या!" कोपऱ्यावरचा शिंपी मशीनमागून ओरडला. "काय म्हणतेय तब्येत?"

"बाहेर पडा," मी म्हटलं. "सगळ्यांना घेऊन मैदानात जा. आत्ता."

"अहो, परवा आत जा म्हणालात, आज बाहेर जा. एकदा नक्की ठरवा की!"

"चूक झाली माझी," मी म्हटलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मशीन थांबवलं आणि बायकोला हाक मारली.

बाबांचं दार उघडंच होतं. ते मागच्या खोलीत, भिंतीसमोर स्टुलावर उभे होते. हातात थापी, खाली घमेल्यात थोडं भिजवलेलं प्लास्टर. सत्तरी उलटलेला, हात कापणारा माणूस स्टुलावर.

"बाबा, उतरा. निघायचंय."

"आलीस? बस. एवढं लिंपतो आणि चहा टाकतो."

"चहा नको. भेग सरकतेय. थांबली नव्हतीच. माझी चूक झाली. चला."

"आत जा, बाहेर ये, आत जा, बाहेर ये. मी काय मांजर आहे?" त्यांनी मान वळवलीच नाही. "घर हलत असतं तर मला कळलं नसतं? चाळीस वर्षं भिंती बघितल्यात."

तेव्हा मला दिसलं ते काय लिंपत होते. भिंतीवर वरून खाली एक तडा गेला होता, आणि त्या तड्यावर आडवी, बोटाएवढी एक काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलेली. गवंड्यांची ही जुनी रीत. भिंत जिवंत आहे की मेलेली हे बघायची. तडा जुना असेल तर काच वर्षानुवर्षं शाबूत राहते. भिंत हलत असेल तर काच फुटते. ते तिच्या आजूबाजूचे पोपडे सारखे करत होते.

"ही कधी लावलीत?" मी विचारलं.

"ही परवा. ही चौथी."

"आणि आधीच्या तीन?"

त्यांनी थापीनेच खिडकीच्या फळीकडे दाखवलं. फळीवर फुटलेल्या काचांच्या तीन जोड्या नीट मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर सुताराच्या पेन्सिलीने तारीख. पाच दिवसांनी एक. मग सहा दिवसांनी. मग पुन्हा सहा.

"काच कच्ची निघाली," बाबा म्हणाले. "त्या काचवाल्याशी मोठं भांडण झालं माझं. म्हटलं, चांगली म्हणून फुटकी गळ्यात मारतोस? नवीन जाड घेतली बघ ही."

"बाबा, तीन काचा फुटल्या. तीन! तुम्हाला कळलं नाही?"

आता मात्र ते वळले. मी एखादा भलताच प्रश्न विचारला असावा तसे बघत राहिले.

"कळायला काय, काच फुटली म्हणजे भिंत हलते. पोराटोरांनाही कळतं." मग जरा हळू म्हणाले, "पण तू म्हणालीस ना थांबलंय. तू शिकलेली. यंत्रं तुझ्याकडे. मग काचच खोटी असणार."

मला रडू आलं असतं, पण भीती इतकी होती की रडायला जागाच नव्हती.

आणि तेव्हा आवाज आला. टक. मोठा नाही, नख मोडल्याएवढा. धक्का नाही, भांडी वाजली नाहीत, धूळ पडली नाही. बाबांच्या हाताजवळच्या काचेवर मधोमध एक बारीक रेघ उमटली होती.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग बाबांनी काचेवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. अजूनही ते मलाच विचारत होते. काच डोळ्यांसमोर फुटली होती, तरी खरं काय ते मी सांगायचं होतं.

"काच चांगली आहे, बाबा," मी म्हटलं. "मी खोटी आहे. उतरा."

ते उतरले. स्टुलावरून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. चप्पल घालायला मी थांबू दिलं नाही. तरी त्यांनी थापीच्या टोकाने ती चौथी काच सोडवली, आधीच्या काचाही उचलल्या आणि सगळ्या रुमालात गुंडाळून खिशात टाकल्या.

मैदानात गल्ली जमत होती. शिंप्याने मशीनसुद्धा आणलं होतं. सरांचा फोन आला: पलीकडची गावंही बाहेर निघाली आहेत, बाईंनी स्वतः गाडीतून भोंगा वाजवत फिरून सांगितलं. बाबा उलट्या बादलीवर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, अधिक आणि वजा, कराराचं, बाईंच्या नऊ वर्षांचं. ते खिशावरून काचा चाचपत ऐकत होते.

"मग आता मोठा येणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"आज? उद्या?"

"माहीत नाही, बाबा. येईलच असंही सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

"हे तीन आठवड्यांपूर्वी म्हणाली असतीस," बाबा म्हणाले, "तर मी काचेचं ऐकलं असतं."

ते रागावले नव्हते. तेच मला सहन होईना. मी खाली मातीकडे बघत बसले. आपल्या खाली काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला ते कबूल होतं.

थोड्या वेळाने त्यांनी रुमाल सोडला, कानामागची पेन्सिल काढली आणि आजची तारीख विचारली. कापऱ्या हाताने ती चौथ्या काचेच्या दोन्ही तुकड्यांवर लिहिली. मग सगळ्या काचा माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"या पाठव त्या पलीकडच्या बाईंना," ते म्हणाले. "आहेत तशाच. आणि वाटेत त्या काचवाल्याकडे जा. त्याला सांग, माझं चुकलं."