बाटलीभर पाऊस

"पाण्यात पाणी कोन घालतंय, सर?" केरबानं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. माधव सरांच्या हातात मुंबईच्या प्रयोगशाळेचं पत्र होतं. कॉलेजच्या गच्चीवर धरलेल्या पावसाच्या चौदा बाटल्यांपैकी तीन संशयास्पद. गोळा करणारा माणूस बदलावा, अशी सूचना.

गोळा करणारा माणूस म्हणजे सरांच्या विभागाचा शिपाई केरबा. कोल्हापूरशेजारच्या उचगावात त्याच्या दोन म्हशी होत्या. वीस वर्षं त्यानं निर्भेळ दूध घातलं, तेही माप भरून वर एक धार. अशा माणसावर पाण्यात भेसळ केल्याचा आळ यावा! उचगावात सांगितलं असतं तर लोक आळ घेणाऱ्यालाच, डोकं ठिकाणावर यावं म्हणून, जोतिबाला घेऊन गेले असते.

"सगळं पाणी सारखं नसतं, केरबा. काही कण किंचित जड. ढग कोकणातून वर चढला की जड पाणी घाटमाथ्यावर, गगनबावड्यालाच जास्त उतरतं. हलकं पुढं कोल्हापूरला येतं."

"बोचकंवाली मानसं आधीच्या स्टँडवर उतरत्यात, तसं."

"तसंच. पण तुमच्या तीन बाटल्या गगनबावड्यापेक्षा जड निघाल्या. कारण सापडलं नाही, तर माझी तीन पावसाळ्यांची मेहनत बुडाली."

गच्चीवर साक्षीदार कोणी नव्हता. केरबानं नाही म्हणून टाकलं असतं तर खपलं असतं.

"पाऊस कमी झालता, सर. तुमीच म्हनलासा, बाटली काठोकाठ भरा, हवा ऱ्हायला नको. अपुरं माप द्यायला हात हुईना. मग गच्चीवरच्या घंगाळातलं वतलं. पावसाचंच व्हतं की! चार दिवसांपूर्वीचं."

"उघडं? उन्हात?"

"व्हय."

सर खुर्चीतून उठलेच. "अहो, ऊन हलकं पाणी आधी उडवतं! जड मागं राहतं! कुठल्या बाटल्या?"

केरबानं नंबर सांगितले. पाच, नऊ, बारा. पत्रात तेच. त्या वगळल्या तर बाकीचे आकडे सरांच्या म्हणण्याप्रमाणे शहाण्यासारखे वागत होते.

"वाचलो!" सर म्हणाले. "पुढच्या खेपेला लहान बाटल्या देतो."

"चार हाईत, सर."

"काय चार?"

"सातव्या बाटलीतबी टोपनभर घातलंय. यंत्राला घावलं न्हाय. तीबी काढा."

सात नंबरचा आकडा नेमका सगळ्यांत देखणा आला होता. सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो खोडला.

मग ते उत्तर लिहायला बसले. 'नमुने गोळा करणारा' या शब्दांपुढं गेली तीन वर्षं नुसतं 'शिपाई' जात होतं.

"केरबा, तुमचं पूर्ण नाव काय?"

केरबानं आधी टोपी नीट केली. मग सावकाश सांगितलं, बापाच्या नावासकट.