गरम पाण्याची लाइन

माझ्या आईचं शिलाई मशीन मोठ्या जाऊबाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकलं, तेव्हा मी बाळंतपणासाठी दवाखान्यात होते. "अडगळ होती," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी डूख धरून होते.

जाऊबाई वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्यांची खोड मला पाठ आहे: मी सांगेन त्याच्या बरोबर उलट करायचं. आभाळ आलंय, छत्री न्या म्हटलं, की बाई छत्री खुंटीलाच ठेवणार आणि चिंब होऊन परतणार.

त्यांनी न्हाणीघरातले गंजके लोखंडी पाइप बदलायचं काढलं आणि माझं फावलं. मी पाइपच्याच दुकानात काउंटरवर असते. गिझरच्या लाइनला साधा पांढरा पीव्हीसी घातला, तर गरम पाण्याने तो नरम पडतो, वाकतो, सांध्यात सुटतो. तिथे फिकट पिवळा सीपीव्हीसीच लागतो. म्हणजे मला फक्त खरं बोलायचं होतं. पुढे नव्याकोऱ्या फरश्या फोडायची पाळी त्यांच्यावर येणार, आणि मी आपली नामानिराळी!

त्या दुकानात आल्या तेव्हा सासूबाई आणि प्लंबरदादांच्या देखत मी मुद्दाम नाक वर करून म्हटलं, "वहिनी, गरम पाण्याला पिवळाच घ्या. पांढरा टिकायचा नाही."

"हा? दात न घासल्यासारखा दिसतोय," म्हणत त्यांनी पांढरा उचलला. मला हसू दाबता दाबता नाकी नऊ आले.

तेवढ्यात त्या थबकल्या. पांढरा खाली ठेवला. "नको. तुला कळतं यातलं. पिवळाच दे."

"पांढरा दिसतो छान हं, वहिनी," मी घाईघाईने म्हटलं. प्लंबरदादा माझ्याकडे बघतच राहिले.

जाऊबाईंनी ते थट्टेवारी नेलं आणि डोळे पुसत त्या सासूबाईंकडे वळल्या. "बघा, मशीनचा राग असता तर हिने मला पांढराच गळ्यात मारला असता. मनात काही नाही हो हिच्या."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मनात काही नाही? मला किंचाळावंसं वाटलं. पण काय सांगून किंचाळणार?

आता रोज सकाळी वर गिझर लागतो. थेंबभरही गळत नाही. जाऊबाई गुणगुणत अंघोळ करतात आणि मी खाली लेकीचा उसवलेला फ्रॉक हाताने शिवत बसते. मशीनबद्दल त्यांनी माझी माफी मागायची राहूनच गेली, आणि आता ती कुणी मागणारही नाही.